३२०डी, सी-क्लास की ए४: आधी चेन कुठे आहे ते बघा

२०११ च्या आसपासची वापरलेली डिझेल गाडी घ्यायची आहे, बीएमडब्ल्यू ३२०डी, मर्सिडीज सी-क्लास आणि ऑडी ए४ या तिघांत इंजिनीअरिंग कुणाचं सरस, असं तुम्ही विचारलंय. सोबत लिहिलंय की बघितलेली ३२०डी सकाळी चालू केली की इंजिनाच्या मागच्या बाजूने बारीक खरखर येते. त्या खरखरीमुळेच हे लिहायला बसलो. कागदपत्रं, अपघात, टायर हे तुम्ही बघालच.

त्या काळच्या ३२०डी मध्ये एन४७ इंजिन येतं. त्याची टायमिंग चेन (क्रँकशाफ्टच्या फिरण्याशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारी साखळी) इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. हे उगाच केलेलं नाही. फ्लायव्हीलच्या टोकाला क्रँकशाफ्टची पिळवटणारी थरथर कमी असते, त्यामुळे चेनला झटके कमी बसतात. पण चेनचे गाइड (तिला जागेवर धरणाऱ्या पट्ट्या) आणि टेन्शनर (तिला ताणून धरणारा भाग) झिजले की गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. सुरुवातीच्या बऱ्याच एन४७ मध्ये चेनचं खालचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, क्रँकशाफ्टलाच घडवलेलं आहे. त्याचे दाते झिजले असतील तर नवी चेनही लवकरच खराब होते. आणि चेन तुटली की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, मग हेडपासून सगळं गेलं.

मला सगळ्यात महाग पडलं ते एका अधिकृत वर्कशॉपचं उत्तर: "डिझेल आहे, आवाज करणारच." नाव घेत नाही. पण हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा आणि जॉब कार्डावर लिहून घ्या: 'थंड इंजिन चालू करताना मागच्या बाजूने धातू घासल्याचा आवाज'. नुसतं 'इंजिन नॉइज' लिहू देऊ नका. तोंडी तक्रारीला पुढे काहीही अर्थ राहत नाही, आणि नंतर वॉरंटीचा किंवा सवलतीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो की आधी तक्रार नोंदवली होती का. या बाबतीत मी कुणालाही सवलत देणार नाही. झिजलेल्या गाइडचा आवाज ओळखता येत नाही अशा वर्कशॉपने या इंजिनाला हात लावू नये.

तपासायचं असं: विकणाऱ्याला सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर इंजिनावर हात ठेवून खरंच गार आहे ना ते बघा. बॉनेट उघडून एकाने चालू करायची, दुसऱ्याने डॅशबोर्डकडच्या भिंतीजवळ कान द्यायचा. मग हळूहळू १५०० ते २००० आरपीएम. पुढून येणारी नेहमीची इंजेक्टरची टकटक वेगळी, मागून येणारी घासल्यासारखी खरखर वेगळी.

मर्सिडीज सी-क्लासच्या ओएम६५१ इंजिनातही टायमिंग चेन मागेच आहे, पण खालचं काम गिअर करतात आणि चेन आखूड आहे. म्हणून या एका मुद्द्यावर मी मर्सिडीजला वर ठेवतो. तिचं दुखणं वेगळं: सुरुवातीचे पिझो प्रकारचे इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग). नंतर त्यांच्या जागी सोलेनॉइड प्रकारचे आले, म्हणून इंजेक्टर बदलल्याचं बिल मागा.

ए४ च्या २.० टीडीआय डिझेल इंजिनाला चेनऐवजी पुढच्या बाजूला टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्टला दिशा देणारी पुली) आणि वॉटर पंप एकदमच बदलायचे. एकटा बेल्ट बदलून पैसे वाचत नाहीत. मी किलोमीटर कमी असले तरी पाच वर्षांत बदला म्हणेन, कंपनीचा आकडा वेगळा असू शकतो. मात्र मल्टिट्रॉनिक (ऑडीचा सीव्हीटी प्रकारचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल तर दर ६०,००० किमीला तेल बदलल्याचा पुरावा बघा, आणि ट्रॅफिकमध्ये हळू सरकताना धक्के देते का तेही बघा. इंजिन सोपं असूनही गिअरबॉक्सपायी ही गाडी महागात जाऊ शकते.

भारतात, म्हणजे चाकणला (मर्सिडीज), शेंद्र्याला (ऑडी) किंवा चेन्नईला (बीएमडब्ल्यू) जोडलेल्या म्हणून या गाड्या कच्च्या असं कुणी सांगितलं तर सोडून द्या, इंजिनाची रचना तीच आहे.

तेल तिन्हींत १०,००० किमी किंवा वर्षाला बदला, डॅशबोर्ड काहीही सांगो. एन४७ ला ५.२ लिटर, ओएम६५१ ला ६.५ लिटर लागतं. ग्रेड मॅन्युअलमधलाच.

आवाज न ऐकता लिहितोय, तेव्हा प्रत्यक्ष तपासणीच खरी. पण ती ३२०डी आवडलीच असेल तर टोकन देण्याआधी चेनच्या पूर्ण कामाचं लेखी एस्टिमेट घ्या आणि तेवढी रक्कम भावातून कमी करून मागा.