स्विफ्ट कोड (आंतरराष्ट्रीय व्यवहारात बँक ओळखण्याचा कोड) कुठे ८ अक्षरी तर कुठे ११ अक्षरी दिसतो. परदेशातून पैसे मागवताना कोणता द्यावा?

दोन्ही चालतात, ८ अक्षरी दिलात तरी पैसे त्याच बँकेकडे जातात. आयएसओ ९३६२ या मानकानुसार पहिली ४ अक्षरं बँकेची, पुढची २ देशाची, त्यानंतरची २ ठिकाणाची आणि शेवटची ३ शाखेची. ही शेवटची ३ ऐच्छिक आहेत. तिथे 'एक्सएक्सएक्स' असेल तर ते मुख्य कार्यालय, त्यामुळे फॉर्म ११ अक्षरं मागत असेल तर ८ अक्षरी कोडापुढे तीन एक्स लिहा. मात्र बँकेने शाखेचा स्वतंत्र ११ अक्षरी कोड दिला असेल, तर तोच जसाच्या तसा द्या. आणि खाते क्रमांक, किंवा लागत असेल तिथे आयबॅन (आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक), कृपया दोनदा तपासा: स्विफ्ट कोडावरून फक्त बँक ओळखता येते, तुमचं खातं नाही.