वाचकांचे प्रश्न: बाल्कनीसमोर ड्रोन येतो, सोसायटीने जॅमर बसवावा का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही नवी मुंबईत उलव्याला चौदाव्या मजल्यावर राहतो. महिन्याभरात तीनदा रात्री साडेदहाच्या सुमारास बाल्कनीसमोर ड्रोन येऊन थांबला, लाल-हिरवा लाइट, मधमाश्यांसारखा आवाज, मिनिटभर थांबतो आणि खाडीकडे निघून जातो. ऑपरेशन सिंदूरच्या बातम्या बघितल्यापासून आई फार घाबरलीय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काहीजण म्हणतायत वर्गणी काढून जॅमर, म्हणजे ड्रोनचा सिग्नल अडवणारं यंत्र, बसवू. त्यात माझा भाचा ६०० ग्रॅमचा ड्रोन घेऊन आलाय, त्याला गच्चीवरून उडवायचाय. काय करू?

उत्तर: दादा, जॅमरचा विचार आजच सोडा. सरकारी परवानगीशिवाय जॅमर घेणं, लावणं बेकायदा आहे, आणि तो काही फक्त ड्रोनलाच अडवत नाही, आसपासचं वायफाय, जीपीएस सगळ्यालाच त्रास होऊ शकतो, आणि तुमच्या तर शेजारीच एअरपोर्ट. शिवाय सिग्नल तुटलेला ड्रोन कुणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही. दगड मारणं, गलोल वगैरेही नकोच.

आईंची भीती मात्र खोटी नाही. २७ जून २०२१ ला जम्मूच्या एअरफोर्स स्टेशनवर ड्रोनने दोन स्फोटकं टाकली, दोन जवान जखमी झाले. त्याआधी इराकमधल्या मोसुलमध्ये आयसिसने बाजारात मिळणारे साधे ड्रोनच बॉम्ब टाकायला वापरले होते, आणि पंजाब सीमेवर बीएसएफ ड्रोनमधून आलेलं हेरॉइन, पिस्तुलं पकडतच असते. म्हणजे लग्नाच्या शूटिंगला येते तीच वस्तू. रडारवर ती पक्ष्याएवढी दिसते, त्यामुळे वर जे उडतंय ते कुणाचं हे आधी कळायला लागतं, आणि त्यासाठीच नोंदणी आहे. बिननोंदणीचे ड्रोन जितके हौसेने उडतील तितकं खऱ्या धोक्याच्या ड्रोनला लपायला सोपं. हे मला अगदी कळकळीने सांगायचंय, कारण मागच्या हिवाळ्यात नेरुळच्या तळ्यावर एका मुलाने ड्रोन उडवला, सगळे फ्लेमिंगो एकदम उठले, विचारलं तर नोंदणी असते हेच त्याला माहीत नव्हतं.

भाच्याचा ड्रोन मायक्रो गटात येतो, २५० ग्रॅम ते २ किलो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्याला युनिक आयडी नंबर, म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, घ्यावाच लागेल. छंद म्हणून उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण पैसे घेऊन लग्नाचं शूट केलं तर लागतं. नियम मोडला तर १ लाखापर्यंत दंड आहे. आणि उलवं एअरपोर्टला खेटून, तिथे परवानगीशिवाय गच्चीवरून अजिबात नाही. सरकारी नकाशावर हिरवा दिसणारा मोकळा भाग बघा, तिथे न्या, १२० मीटरच्या खाली उडवू दे, आणि एअरपोर्टपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात असेल तर ६० मीटरच्या खाली. पोलिसांचे बंदीचे आदेश अधूनमधून निघतात, तेही आधी बघून घ्या.

आता तो रात्रीचा ड्रोन. बहुतेक कुणीतरी हौशीच असेल, पण ते ठरवणं आपलं काम नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायच्या आधी ११२ लावा, तो समोर असतानाच. किती वाजता आला, कुठल्या दिशेने आला नि गेला ते सांगा, व्हिडिओत समोरची बिल्डिंग येऊ द्या म्हणजे उंची कळते. उडवणारा बऱ्याचदा जवळच असतो, तेव्हा वॉचमनला आजूबाजूच्या गच्च्या, रस्त्यावर थांबलेल्या गाड्या बघायला सांगा, नुसतं बघायला, भांडायला नाही. कुठे पडलेला दिसला तर हात लावू नका, त्याला काही बांधलेलं असू शकतं, लोकांना लांब ठेवा आणि पोलिसांची वाट बघा.

आणि पुढच्या वेळी तो आला की फोन आईंनाच लावू द्या.