ऑफिस आणि छंद, दोन्हींसाठी एकच लॅपटॉप घेताना

प्रोसेसरच्या नावापाशी अडकून बसू नका. ईमेल, एक्सेल, मीटिंगा यांना आजचा कुठलाही मधल्या फळीतला प्रोसेसर पुरून उरतो. मशीनचा खरा कस लागतो छंदात, म्हणून आधी तो नक्की करा.

फोटो एडिटिंग किंवा चित्रं काढायची असतील तर सर्वात आधी स्क्रीन बघा. माहितीत '४५ टक्के एनटीएससी' (स्क्रीन किती रंग दाखवते याचं एक माप) दिसलं की तो लॅपटॉप सरळ सोडून द्या. अशा स्क्रीनवर लाल रंग विटका दिसतो, तुम्ही तो भडक करत जाता, आणि तोच फोटो चांगल्या मोबाइलवर उघडला की चेहरे उन्हात भाजल्यासारखे दिसतात. जवळपास १०० टक्के एसआरजीबी (रंगांचंच दुसरं माप) आणि निदान ३०० निट्स ब्राइटनेस हवाच. इथे तडजोड नको, बाकी कुठेही करा.

रॅम १६ जीबी घ्या. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये आणि आताच्या मॅकबुकमध्ये ती नंतर वाढवता येत नाही. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, ५१२ जीबी पुरे, जुने फोटो बाहेरच्या ड्राइव्हवर टाकता येतात.

वेगळं ग्राफिक्स कार्ड व्हिडिओ किंवा थ्रीडी करणार असाल तरच. दाविंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपवर, बराच भार टाकतं, तिथे ते हवं. गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला मात्र त्याचा त्रासच जास्त, कारण ते कार्ड तापलं की जोरात फिरणाऱ्या पंख्याची घरघर माइकमध्ये उतरते.

आणि मॅक मनात असेल तर ऑफिसचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे पैसे भरण्याआधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारून घ्या.