‘भांडवलशाही’ हा शब्द स्मिथच्या तोंडी घालू नका

प्रश्न असा आला आहे: समाजवाद, साम्यवाद, उदारमतवाद हे सगळे ‘वाद’, मग भांडवलाच्याच वाट्याला ‘शाही’ का? ‘भांडवलवाद’ जास्त बरोबर नाही का? आणि ‘भांडवलशाहीचा जनक’ ॲडम स्मिथ हा शब्द नेमका कोणत्या अर्थानं वापरत होता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हा गैरसमज व्याख्यानांत आणि चर्चांत ऐकून ऐकून मी वैतागलो आहे. स्मिथ हा शब्द वापरतच नव्हता. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा त्याचा ग्रंथ १७७६ सालचा, स्मिथ वारला १७९० मध्ये. ‘कॅपिटॅलिझम’ आजच्या अर्थाच्या जवळ येतो तो १८५० साली, फ्रेंच समाजवादी लुई ब्लाँच्या लिखाणात, आणि तिथं तो आरोप म्हणूनच येतो: भांडवल काहींनी बळकावायचं आणि बाकीच्यांना त्यापासून तोडायचं. मार्क्ससुद्धा बहुतेक ठिकाणी ‘भांडवली उत्पादनपद्धती’ असंच लिहितो. विद्वानांमध्ये हा शब्द रुळला तो विसाव्या शतकात, जर्मन अर्थतज्ज्ञ व्हेर्नर झोम्बार्टच्या १९०२ सालच्या ग्रंथानंतर. स्मिथचा स्वतःचा शब्दप्रयोग आहे ‘नैसर्गिक स्वातंत्र्याची साधी, उघड व्यवस्था’. त्याला अर्थशास्त्राचा जनक खुशाल म्हणा. भांडवलशाहीचं पितृत्व त्याच्यावर लादू नका.

तीच गत स्मिथच्या त्या ‘अदृश्य हाता’ची, म्हणजे स्वतःचा फायदा पाहणाऱ्याकडून नकळत समाजाचंही भलं होतं या कल्पनेची. मुक्त बाजाराचं नाव निघालं की हा हात पुढे केला जातो. एवढ्या जाडजूड ग्रंथात तो फक्त एकदा येतो, आणि तोही व्यापारी स्वतःच्या सुरक्षिततेपायी परदेशापेक्षा देशातच पैसा गुंतवणं पसंत करतो, हे सांगताना.

आता ‘शाही’. हा फारसी ‘शाह’चा वारसा. निजामशाही, आदिलशाही झाल्या, मग लोकशाही, हुकूमशाही, नोकरशाही आल्या. ‘वाद’ म्हणजे मत, ‘शाही’ म्हणजे सत्ता. हिंदीनं ‘पूँजीवाद’ घेतला, गुजरातीनं ‘मूडीवाद’. मराठीनं मत बाजूला ठेवून सत्तेचं नाव दिलं, आणि मला ते अतिशय नेमकं वाटतं. लोकशाहीत लोकांची सत्ता, तशी इथं भांडवलाची. ‘शाही’ परकी म्हणून ती काढून टाका असं सांगणाऱ्यांनी आधी ‘लोकशाही’ला पर्यायी शब्द रुळवून दाखवावा. भांडवलवाद म्हणायचंच असेल तर ते मताचं नाव होईल, व्यवस्थेचं नव्हे.

म्हणूनच ‘भांडवलशाही म्हणजेच मुक्त बाजार’ हे समीकरण मला मान्य नाही. अक्षरशः भांडवलाचं राज्य असलेली एक सत्ता स्मिथनं जिवंतपणी पाहिली होती: बंगालमधली ईस्ट इंडिया कंपनी. तिच्याबद्दल त्यानं जे लिहिलं, ते आपल्याकडे फारसं कुणी वाचत नाही. मक्तेदार व्यापाऱ्यांच्या कंपनीचं सरकार हे कुठल्याही देशासाठी बहुधा सगळ्यांत वाईट सरकार, असं तो स्पष्ट म्हणतो. बंगालच्या दुष्काळाबद्दलही तो लिहितो की कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या चुकीच्या निर्बंधांमुळे कदाचित टंचाईचं रूपांतर उपासमारीत झालं. एकाच धंद्यातली माणसं मौजमजेसाठी भेटली तरी गप्पांचा शेवट जनतेविरुद्धच्या कटात किंवा भाव वाढवण्याच्या युक्तीत होतो, हेही त्याचंच निरीक्षण. बाजार मोकळा असावा म्हणणारा हा माणूस व्यापाऱ्याच्या हाती सत्ता द्यायला सक्त विरोध करत होता. मराठी शब्दातली ‘शाही’ नेमकी त्याच धोक्यावर बोट ठेवते.

पण मला खरा आनंद देणारा भाग आहे ‘भांडवल’. इंग्रजी-मराठी कोश ‘कॅपिटल’पुढे ‘भांडवल’ लिहून मोकळे होतात, आणि दोन्ही शब्दांच्या पोटात काय आहे ते राहून जातं. ‘कॅपिटल’ लॅटिन ‘कापुत’ म्हणजे डोक्यावरून आला. गुरांची डोकी मोजण्यावरून तो निघाला ही गोष्ट फार लोकप्रिय आहे, पण ती उलटी आहे. मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘कापिताले’चा अर्थ मालमत्ता, मूळ रक्कम, इंग्रजीतला गुरांसाठीचा ‘कॅटल’ हा त्याच्यापासून फुटलेला फाटा. गुरांपासून भांडवल निघालेलं नाही, भांडवलाच्या शब्दापासून गुरांचा शब्द निघाला आहे.

मराठी शब्दाचा उगम डोक्यात नाही, मालात आहे. संस्कृत ‘भाण्ड’ म्हणजे भांडं, तसाच विकायचा मालही. पंचतंत्रातला वर्धमान व्यापारी ‘मथुरागामी भाण्ड’ घेऊन निघतो ते काही मथुरेला भांडी विकायला नव्हे, माल घेऊन. वाटेत त्याचा संजीवक बैल खचतो आणि पुढची सगळी गोष्ट घडते. संस्कृतात ‘भाण्डमूल्य’ असाही समास आहे, मालात गुंतलेल्या धनासाठी. माझं ठाम मत आहे की आपलं ‘भांडवल’ थेट तिथून आलं. ‘मूल्य’चं मराठीत ‘मोल’ होतं. शब्दाच्या मध्ये ‘म’ आला की त्याचा ‘व’ होणं ही मराठीची जुनी खोड: ग्रामचा गाव, नामचं नाव, भ्रमरचा भोवरा. तेव्हा भाण्डमूल्य, भांडमोल, भांडवल. शेवटचा ‘वल’ हा नुसता प्रत्यय मानून सोडून देणं म्हणजे शब्दाचा अर्धा अर्थ टाकून देणं. आणि मालक-मजुरांच्या भांडणाशी ‘भांडवल’ची नाळ जोडणाऱ्यांना एवढंच सांगतो की भांडण ‘भण्डन’वरून आलं आहे, ‘भाण्ड’वरून नाही. ती दोन वेगळी कुळं आहेत.

हे सगळं स्मिथशी किती जुळतं पाहा. त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाचं शीर्षकच ‘स्टॉक’बद्दल आहे, म्हणजे साठ्याबद्दल. माणसाजवळच्या साठ्याचे तो दोन वाटे करतो: एक रोजच्या खाण्यावापरण्याचा, दुसरा ज्यातून उत्पन्नाची अपेक्षा आहे तो. या दुसऱ्यालाच तो ‘कॅपिटल’ म्हणतो. घरात वापरायचं भांडं आणि भांडमूल्य यांत हाच फरक आहे. पुढे तो भांडवलाचे स्थिर आणि फिरतं असे प्रकार करतो. फिरत्याचे चार घटक सांगतो: पैसा, व्यापारी आणि उत्पादकांकडचं धान्य-मांस वगैरे, कच्चा माल, आणि तयार होऊन विक्रीसाठी ठेवलेला माल. चारांतले तीन माल आहेत, पैसा एकच. भांडवल म्हणजे पैसा, ही आजची समजूत त्याच्या ग्रंथाला धरून नाही आणि मराठी शब्दालाही धरून नाही.

त्या फिरत्या भांडवलाला मराठीत काय म्हणतात? खेळतं भांडवल! घरात हवा खेळती राहते, पाटात पाणी खेळवतात, तसं हे भांडवल मालातून पैशात आणि पैशातून पुन्हा मालात खेळतं. व्यापाऱ्याचा माल विकला जाईपर्यंत त्याला नफा देत नाही आणि आलेला पैसा पुन्हा मालात जाईपर्यंत तोही काही देत नाही, हे स्मिथचं विवेचन या एका विशेषणात मावतं. बँकेच्या कागदांवर अलीकडे त्याच्याऐवजी ‘कार्यशील भांडवल’ दिसू लागलं आहे. ते ताबडतोब बंद करावं.

‘कॅपिटल’च्या अर्थाजवळचा शब्द आपल्याकडे आहे, पण तो वेगळा: मुद्दल. व्याजाविरुद्ध मूळ रक्कम, नेमका ‘कापिताले’चा अर्थ. तो ‘मूळ’वरून आला असं सांगितलं जातं, मला ते पटत नाही. मधल्या ‘द्द’चं काय करायचं? माझ्या मते तो दक्षिणेकडून आला. कन्नडमध्ये ‘मोदलु’ म्हणजे पहिलं, आरंभ. तमिळमध्ये ‘मुदल’ म्हणजे पहिलं, आणि व्यापारातली मूळ रक्कमही. त्याच ‘मुदल’वरून तमिळमध्ये मालकाला ‘मुदलाळी’ म्हणतात आणि भांडवलशाहीला ‘मुदलाळित्तुवम’. तिथं व्यवस्थेला नाव पडलं ते तिच्या मालकावरून.