चित्रकला येत नसताना स्वतःची ट्रेडिंग कार्डे डिझाइन करण्याचा छंद जोपासता येईल का?

चित्रकलेत हात बसलेला नसताना स्वतःची ट्रेडिंग कार्डे, म्हणजे जमवायची आणि एकमेकांत बदलायची छोटी सचित्र कार्डे, तयार करता येतील का, आणि येत असतील तर सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. करता येतील. माझ्या अनुभवात चित्र हा या कामातला बराच नंतरचा भाग आहे. कार्डावर कोणती माहिती घ्यायची आणि संचातल्या प्रत्येक कार्डावर ती त्याच जागी बसेल का, हे आधी ठरवावे लागते, आणि बहुतेकांचे काम तेथेच अडते.

अमेरिकेतील टॉप्स कंपनीचा १९५२ सालचा बेसबॉल कार्डांचा संच या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कंपनीतील साय बर्गर आणि वूडी गेलमन या दोघांनी तो बर्गर यांच्या ब्रुकलिनमधील घरी, स्वयंपाकघरातील टेबलावर बसून रचला. दर्शनी बाजूस खेळाडूचे चित्र, नाव, सही आणि संघाचे चिन्ह, तर पाठीमागे उंची, वजन, जन्मस्थान, थोडक्यात परिचय आणि खेळाचे आकडे, अशी त्याची मांडणी होती. आजही बहुतेक खेळाडूंच्या कार्डांचा सांगाडा जवळपास हाच आहे. आपणही असा एक सांगाडा आखून घ्यावा आणि नंतर त्यात फक्त मजकूर व चित्र बदलत जावे.

मी पहिला संच महाराष्ट्रात दिसणाऱ्या पक्ष्यांचा केला. ट्रम्प कार्डांप्रमाणे एक आकडा पुकारून, तो मोठा ठरल्यास समोरच्याचे कार्ड जिंकता यावे, अशी माझी कल्पना होती. (नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना या खेळाचे नियम समजावून सांगण्याची गरज नाही.) मी लांबी, वजन आणि पंखांचा विस्तार असे तीन रकाने घेतले आणि पहिल्याच डावात फसलो, कारण तिन्ही आकडे एकत्रच वाढतात. सारस ज्याच्या हाती आला तो जिंकत राहिला आणि जेमतेम १० सेंटिमीटरच्या शिंजिराला कोणी हातात ठेवायलाही तयार होईना. मग वजनाच्या जागी वर्षातून किती महिने दिसतो हा रकाना घेऊन पाहिला, पण निम्म्याहून अधिक पक्षी बाराही महिने येथेच असल्याने प्रत्येक डाव बरोबरीत सुटू लागला. शेवटी लांबीच्या जोडीला एका विणीतील अंड्यांची संख्या ठेवली आणि खेळ जमला. सारस साधारणपणे दोनच अंडी घालतो, शिंपी तीन-चार घालतो आणि अडई हे लहानसे बदक सात ते बारापर्यंत जाते. आपला विषय किल्ल्यांचा असो, रेल्वे इंजिनांचा असो किंवा घरातील माणसांचा असो, एका रकान्यात वरचढ असलेले कार्ड दुसऱ्या रकान्यात हरले पाहिजे.

आता चित्रांविषयी. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पारंपरिक पत्ते, आपण पाहिली नसेल तर अवश्य पाहावी. त्यात १० अवतारांचे १० रंग (इस्पिक-बदामासारखे गट) आणि प्रत्येक रंगाची १२ पाने, अशी एकूण १२० गोल पाने असतात. त्यांपैकी राजा आणि प्रधान यांचीच पाने सविस्तर चित्रांची असतात, म्हणजे २०. उरलेल्या १०० पानांवर मासा, कासव, परशू अशी त्या त्या अवताराची खूण एक ते दहा वेळा काढलेली असते. ज्याला माशाची एक सुबक आकृती जमली, त्याला मत्स्याच्या रंगातील दहा पाने जमली. मीही हेच केले: पक्ष्याची काळी छायाकृती आणि मागे अधिवासानुसार एकच सपाट रंग, म्हणजे पाणथळीला निळा, माळरानाला पिवळसर, जंगलाला गर्द हिरवा. धनेशाची चोच आणि स्वर्गीय नर्तकाची लांबलचक शेपटी छायाकृतीतही चटकन ओळखू येतात.

छपाईचे गणित सोपे आहे. रूढ आकार अडीच बाय साडेतीन इंच हा आहे. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) त्याचे ७५० बाय १०५० पिक्सेल होतात. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारी जादा रंगीत कड, वाढवावे आणि मजकूर कडेपासून तितकाच आत ठेवावा. बारा बाय अठरा इंचांच्या डिजिटल शीटवर ब्लीडसह १८ कार्डे बसतात, म्हणून माझा संच ३६ पक्ष्यांचा आहे. त्यामागे पक्षिशास्त्रीय कारण काहीही नाही. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) आर्ट कार्ड आणि दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन पुरेसे होते. कडेने बारीक चौकट मात्र काढू नये, कारण कटिंग अर्धा मिलिमीटर सरकले तरी ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते.

देवनागरीसाठी थोडी अधिक काळजी घ्यावी लागते. माझ्या पहिल्या छपाईत ‘चिमणी’ आणि ‘शिंपी’ यांच्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षरांच्या पुढे जाऊन बसल्या, कारण मी मूळ फाइल तशीच दिली होती आणि दुकानातील संगणकावर तो फाँटच नव्हता. दोष माझाच होता. तेव्हापासून मी इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे पाथ करून, म्हणजे छपाईवाल्यांच्या भाषेत कर्व्ह करून, पीडीएफच देतो. गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरे घेतल्यास जोडाक्षरांच्या पोटातील जागा शाईने भरून जाते. तेथे ठळक फाँट आणि मोठा आकार घ्यावा. पुष्कळ फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, ते मला खटकतात. मराठी वळण हवे असल्यास टिरो देवनागरी मराठी हा विनामूल्य फाँट वापरून पाहावा.

इंटरनेटवरील छायाचित्रे उचलू नयेत. विकिमीडिया कॉमन्सवरील चित्रे परवान्याच्या अटी वाचून वापरता येतात. देवाणघेवाणीविषयी बोलायचे तर स्विस कलावंत एम. व्हेन्ची स्टिर्नेमान यांनी १९९७ साली झुरिकमध्ये हाताने केलेली १,२०० कार्डे मांडली आणि आपले कार्ड करून आणणाऱ्याला त्यांतील एक बदल्यात दिले. कार्ड विकायचे नाही, फक्त बदलायचे, हा ‘आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकाराचा संकेत आहे आणि आम्ही चार-पाच मित्रही तोच पाळतो. आपण निदान पहिली सहा कार्डे साध्या कागदावर मूळ आकारात काढून, कात्रीने कापून, कोणाबरोबर तरी दोन डाव खेळून पाहावीत. कोणता रकाना बदलायचा हे तेव्हाच कळते, आणि तोवर छपाईच्या दुकानात जाण्याची गरज नाही.