हायपर, हायपो आणि आपले उपरि, उप

कागल तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बारावी सायन्स, आणि आता कोल्हापुरात राहून बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीची तयारी. 'हायपर' आणि 'हायपो' यांत तिचा दर वेळी गोंधळ होतो. लांबलचक वैद्यकीय शब्द पाठ केले तरी चार दिवसांत विसरतात. मराठीच्या आधारानं लक्षात ठेवायची काही रीत आहे, की मराठी बाजूला ठेवून इंग्रजीच घोकायचं, असं तिनं विचारलं आहे.

मराठी मुळीच बाजूला ठेवू नका. तुम्ही शाळेत व्याकरणाच्या तासाला उपसर्ग शिकलात ना, त्यांतले काही इथं कामाला येतात.

'हायपर' हा ग्रीक शब्द आणि आपला 'उपरि' हे सख्खे भाऊ आहेत. 'सर्वोपरि' म्हणजे सगळ्यांच्या वर, तोच हा उपरि. 'हायपो'चा भाऊ 'उप'. उपसरपंच सरपंचाच्या एक पायरी खाली, तसा हायपो खाली. मग सुरुवातीचा 'ह' कुठून आला? ग्रीकमध्ये शब्दाच्या आरंभी 'उ' आला की त्याच्याआधी 'ह'चा उच्चार यायचाच. तो 'ह' काढून टाकला की उपेर आणि उपो उरतात, आणि ओळख लगेच पटते. हायपरटेन्शन म्हणजे रक्तदाब वर, हायपोटेन्शन म्हणजे रक्तदाब खाली. हायपोडर्मिक सुई कातडीच्या खाली जाते. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर खाली गेली, साधारणपणे दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या आत. आपल्याकडं घरात 'साखर उतरली' म्हणतात, त्यातही खाली जाणंच आहे. घाम, थरथर, घेरी ही त्याची लक्षणं शब्दासोबतच लिहून ठेवा. परीक्षेत एका अक्षरानं गुण जातो, वॉर्डात त्याच अक्षरानं उपचार उलटा होईल. म्हणून ही जोडी सगळ्यांत आधी पक्की करायची.

एक खुलासा इथंच करतो. हे शब्द संस्कृतातून ग्रीकमध्ये गेलेले नाहीत. दोन्ही भाषा एका जुन्या भाषेच्या लेकी आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यातल्या भाषणात मांडलं, आणि पुढं त्याचा सविस्तर अभ्यास झाला. 'सगळं आपल्याकडूनच गेलं' असं कुणी सांगितलं तर मानू नका. नातं खरं आहे आणि तेवढं आपल्या कामाला पुरतं.

आता बाकीचे उपसर्ग. आपला नकाराचा अ किंवा अन् ग्रीकमध्येही तसाच आहे: अनंत, अनादि, तसा ॲनिमिया. शब्दशः 'रक्त नसणं', प्रत्यक्षात रक्तातला हिमोग्लोबिन कमी. आपला दुस् किंवा दुर् तिकडं 'डिस' होतो. दुष्काळ, दुर्बल, तसा डिस्प्निया, म्हणजे श्वास कष्टानं घेणं, धाप. ॲप्निया म्हणजे श्वास थांबणंच. डिसेंट्रीत तर दोन्ही टोकं आपली आहेत. डिस म्हणजे दुर्, आणि पुढचं 'एंटेरॉन' म्हणजे अंत्र, आपलं आतडं. परि तिकडं पेरी: परिघ, परिसर, तसं पेरिकार्डियम, हृदयाभोवतीचं वेष्टण. अस्थि आणि ऑस्टिऑन, दंत आणि डेंटल हे तर न सांगता कळतात.

पाठ करताना शब्द एकेकटा घेऊ नका, कुटुंब घ्या. लघवीचं 'युरिया' हे शेपूट धरा. ॲन्युरिया म्हणजे लघवी जवळजवळ बंद, ऑलिग्युरिया म्हणजे फार कमी, पॉलियुरिया म्हणजे फार जास्त (पॉली आणि संस्कृत 'पुरु' एकच), हिमॅट्युरिया म्हणजे लघवीतून रक्त, डिस्युरिया म्हणजे लघवीला त्रास. या शेवटच्याला आपल्याकडं 'उन्हाळी लागली' म्हणतात. एक शेपूट, पाच शब्द.

शस्त्रक्रियेच्या तीन शेपटांवर मात्र नीट थांबा, कारण ती ऐकायला सारखी वाटतात. 'एक्टमी' म्हणजे कापून काढून टाकणं: अपेंडिसेक्टमी. 'ऑटमी' म्हणजे नुसता छेद घेणं. 'ऑस्टमी'त 'स्टोमा' आहे, ग्रीकमध्ये तोंड. म्हणजे बाहेर उघडणारी वाट करून देणं: कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याला), ट्रेकिओस्टॉमी (श्वासनलिकेला). 'आयटिस' दिसला की दाह समजा, मराठी वैद्यकीय परिभाषेत त्याला शोथ म्हणतात. एकाच अवयवाला दोन नावं आली तर घाबरू नका, एक ग्रीक असतं आणि एक लॅटिन: मूत्रपिंडाला नेफ्रो आणि रीनल, फुप्फुसाला न्यूमो आणि पल्मो.

सर्वसामान्य इंग्रजी शब्द याहून फसवे असतात, कारण ते ओळखीचे वाटतात. 'क्रॉनिक' म्हणजे गंभीर नव्हे, जुनाट. 'क्रोनॉस' म्हणजे काळ. 'ॲक्यूट' म्हणजे एकाएकी उद्भवलेलं. आपण त्याला तीव्र म्हणतो, पण साधी सर्दीही ॲक्यूट असू शकते. 'डिस्चार्ज' म्हणजे घरी सोडणं, आणि जखमेतून येणारा स्रावही. 'स्टूल' म्हणजे शौच, 'व्हॉइड' म्हणजे लघवी करणं, 'टेंडर' म्हणजे दाबल्यावर दुखणारं, 'कल्चर' म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघणं, 'लेबर' म्हणजे प्रसूतीच्या कळा. 'सिम्प्टम' रुग्ण सांगतो, 'साइन' आपण तपासून पाहतो. मळमळ ही पहिली, ताप मोजला तर दुसरी. इंग्रजीचे उतारे वाचताना असे दुहेरी अर्थाचे शब्द वहीत वेगळे काढा.

आणि वहीत इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ यांच्या पुढं तिसरा रकाना ठेवा, आपल्या बोलीचा. सीईटीत त्याला गुण नाहीत हे मान्य, पण शब्द त्यानंच टिकतो असं माझं ठाम मत आहे. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, राधानगरी-भुदरगडाकडून आलेली आजी 'थ्रॉबिंग पेन' म्हणणार नाही, 'ठणकतंय' म्हणेल. पोटात कळ मारते, मुरडा येतो, पाठीत चमक भरते, हातापायाला रग लागते, छातीत जळजळतं. दुखण्याच्या या प्रत्येक तऱ्हेसाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे, आणि तो कुठला हे ठरवण्याचं काम नर्सच्या कानावर असतं. 'ढाळ लागल्यात', 'परसाकडं साफ झाली न्हाई', 'अंगात कणकण हाय' हेही लिहून ठेवा. काळजाचं तर विशेष बघा: मटणाच्या दुकानात कलेजी म्हणजे यकृत, पण 'काळीज धडधडतंय' म्हणणारा माणूस हृदयाबद्दल बोलत असतो.

आपल्या आणि परक्या दोन्ही परंपरांचे ग्रंथ शेजारी ठेवून शिकण्याची वाट कोल्हापूरला जवळची आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला, त्यात आयुर्वेदाचे ग्रंथ आणि तिकडची पाठ्यपुस्तकं दोन्हींचा आधार होता. कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर नेमलं होतं. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या वारल्या.

रोजच्या अभ्यासाचं म्हणाल तर सकाळी एक उपसर्ग किंवा एक शेपूट घ्या, त्याचे पाच-सहा शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकातून स्वतः शोधा आणि संध्याकाळी पुस्तक मिटून फोड करून लिहा. आयता तक्ता पाठ करू नका. पहिल्या दिवशी हायपर आणि हायपो एकत्र घेऊ नका. आधी हायपरचे शब्द बसू द्या, दोन दिवसांनी हायपोचे. जोडी एकदम घेतली की गोंधळ तिथंच सुरू होतो.