१४० राहू द्या, आधी ते ११ अर्धवट गेम बघा

पीएस५, एक्सबॉक्स सिरीज एस आणि स्विच या तीन गेम कन्सोलवर मिळून न खेळलेले १४० गेम, ११ अर्धवट सोडलेले, पीएस५ ची डिस्क भरलेली आणि कामाच्या दिवशी रात्री मिळणारा जेमतेम तासभर. सुरुवात कुठून करायची आणि मोठी एसएसडी (गेम साठवायची डिस्क) घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. एसएसडीचं नंतर बघू.

न उघडलेला गेम पडून राहिला तरी सहसा त्याचं काही बिघडत नाही. उलट दोन वर्षांनी लावलात तर पॅच, म्हणजे दुरुस्त्या, येऊन तो सुधारलेलाच मिळतो. अर्धवट गेमचं तसं नाही. तीन आठवड्यांनी परत लावला की ढाल कुठल्या बटणावर, कुणी कुठे पाठवलं होतं, बॅगेतल्या चाळीस वस्तूंपैकी कामाच्या कुठल्या, हे सगळं नव्याने शोधावं लागतं. हातात तासच असेल तर अर्ध्याहून जास्त वेळ त्यातच जातो. मग वैतागून दुसराच गेम लावला जातो आणि ११ चे १२ होतात. १४० हा आकडा दिसायला भयानक आहे, पण रोजचा तास खातायत ते हे ११.

तरी १४० चा हिशोब एकदा करून टाका, म्हणजे त्याचं दडपण जाईल. कामाचे पाच दिवस एकेक तास आणि सुट्टीचे दोन दिवस मिळून तीन, म्हणजे आठवड्याला ८ आणि वर्षाला साधारण ४०० तास. 'हाऊ लाँग टू बीट' या साइटवर प्रत्येक गेम संपवायला लागणारे तास मिळतात. तिथला 'मेन स्टोरी'चा आकडा धरा, शंभर टक्के पूर्ण करण्याचा नको. ब्रेथ ऑफ द वाइल्डची मुख्य कथा सुमारे ५० तासांची आहे, सगळं गोळा करायला गेलात तर दीडशेच्या वर जाते. पर्सोना ५ रॉयल नुसत्या कथेलाच शंभरच्या आसपास. सेलेस्ट आठेक तासांत होतो. म्हणजे ४०० तासांत शंभर तासांचे दोन, पंचवीस तासांचे चार आणि दहा तासांचे दहा बसतात. वर्षाला १६ गेम. १४० सगळे संपणार नाहीत, आणि ते संपवायचे असतात असं कुणी सांगितलेलंही नाही. त्याला यादी न म्हणता कपाट म्हणा.

आता ते ११. प्रत्येकाला २० मिनिटं द्यायची, म्हणजे सगळे मिळून पावणेचार तास, तीन-चार रात्रींचं काम. खेळायला लागण्याआधी एक गोष्ट न चुकता करा. हाताने सेव्ह करता येणारा गेम असेल तर आत गेल्या गेल्या वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करा. एल्डन रिंगसारखा एकाच ऑटोसेव्हवर चालणारा असेल तर लावण्यापूर्वीच सेव्ह क्लाउडवर चढवा. पीएस५ वर गेमच्या चित्रावर ऑप्शन्स बटण दाबलं की तो पर्याय येतो, त्यासाठी पीएस प्लस हे सोनीचं सशुल्क सदस्यत्व लागतं. हे का, तर चाचपडताना आपण हमखास महत्त्वाची वस्तू विकतो किंवा नको त्या दारातून आत जातो, आणि ऑटोसेव्ह तेच कायम करून टाकतो.

किती खेळून झालंय हे आठवणीवर सोडू नका. पीएस५ आणि स्विच दोन्हीकडे प्रोफाइलमध्ये खेळलेले तास दिसतात, एक्सबॉक्सवर गेमच्या आकडेवारीत. ते मुख्य कथेच्या तासांशी ताडून बघा. कथेच्या टप्प्यांवर मिळणाऱ्या ट्रॉफी किती आल्यात यावरून आणखी नेमका अंदाज येतो, कारण तास साईड क्वेस्टमध्येही, म्हणजे कथेबाहेरच्या कामांतही, गेलेले असू शकतात.

पाऊण कथा झाली असेल तर संपवून टाका. डिफिकल्टी खाली आणा, साईड क्वेस्ट सोडा, सरळ शेवट गाठा. यात कमीपणा काही नाही. मधल्या टप्प्यावर असाल आणि २० मिनिटांत हात परत बसला, तर ठेवा. नाही बसला तर गेममधली नोंदवही आणि झालेल्या क्वेस्टची यादी वाचा, मग शेवटच्या मोठ्या प्रसंगापर्यंतचा कथासार व्हिडिओ बघा आणि आणखी एकच संधी द्या. पाव कथाही झालेली नसेल तर दोनच मार्ग : पहिल्यापासून सुरू करणं किंवा सोडून देणं. 'आहे तिथून चालू ठेवू' हा तिसरा मार्ग इथे सगळ्यात वाईट, कारण खेळ शिकवणारा भाग मागे गेलेला असतो आणि पुढचा भाग तुम्ही शिकलेले आहात असं धरून चालतो.

सोडलेल्या गेमवर 'सोडला' असं स्पष्ट लिहा. 'नंतर बघू' असा रकाना ठेवलात की ११ च्या ११ त्यात जाऊन बसतील.

यातून जे उरतील त्यातले चालू फक्त तीन. एक लांबलचक, एक छोटा, आणि एक असा की ज्यात कथा नाही : रेसिंग, कोडी, फुटबॉल, काहीही. तिसरा दमलेल्या रात्रींसाठी. तो नसेल तर दमलेल्या रात्री नवा गेम उघडला जातो, आणि गळती बहुतेक तिथूनच लागते. लांब आणि छोट्याची जोडी लावताना बटणं बघा. विचर ३ मध्ये लढताना क्रॉस म्हणजे लोळण, एल्डन रिंगमध्ये तेच बटण म्हणजे उडी. दोन्ही एका आठवड्यात खेळलात तर बॉससमोर (टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूसमोर) नको तेव्हा उडी मारून मराल. दोन मोठे ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या नकाशात भटकायचे गेम, एकत्र चालवायचेच नाहीत. मोठ्याबरोबर सेलेस्टसारखा उड्यांचा किंवा एखादा वळणावळणाने खेळायचा गेम ठेवा.

उठताना दोन मिनिटं चिठ्ठीला द्या. फोनमध्ये चार ओळी पुरतात :

विचर ३. नोव्हिग्राड, डँडेलियनचा शोध चालू.
आर२ मंत्र, एल२ वार अडवणे, एल३ दोनदा दाबून घोडा.
तलवारी दुरुस्त करायच्यात, आधी लोहार.
पत्त्यांच्या डावात अडकायचं नाही.

शेवटची ओळ गंमत वाटेल, पण या गेममध्ये ग्वेंट नावाच्या त्या पत्त्यांच्या डावाने लोकांचे वीस-वीस तास खाल्लेत. चिठ्ठीत 'काय झालं' यापेक्षा 'आता काय करायचं' हे लिहा. आणि थांबायची जागाही निवडा. बॉसच्या दारात थांबू नका, आठवड्याने परत येऊन थंड हाताने तो बॉस लढावा लागतो. बॉस पडला, नवी क्वेस्ट मिळाली, रस्त्यावर दहा पावलं चाललात, की सेव्ह करून बंद. पुढच्या वेळी कंट्रोलर उचलला की काम समोर असतं.

सिरीज एसवरच्या क्विक रिझ्यूमला सेव्ह समजू नका. तीन-चार गेम जिथल्या तिथे थांबवून ठेवता येतात हे खरं, पण मध्ये गेमचा अपडेट आला की ती थांबवलेली अवस्था जाते आणि तुम्ही शेवटच्या खऱ्या सेव्हवर परत येता. सतत ऑनलाइन लागणारे गेम तर त्यातून उघडल्यावर सर्व्हरशी तुटलेलेच मिळतात, बंद करून पुन्हा लावावे लागतात. दोन गेम क्विक रिझ्यूमला पिन करता येतात, तुमचा लांब आणि छोटा तिथे ठेवा. पीएस५ आणि स्विचवर एका वेळी एकच गेम थांबून राहतो, दुसरा उघडायचा तर पहिला बंद करावा लागतो.

तीन जागांपैकी एक रिकामी झाली की पुढचा कुठला, हे आवडीवर सोडू नका. आधी बघा कुठल्या गेमला मुदत आहे. पीएस प्लसचे महिन्याचे गेम एकदा घेतले की सदस्यत्व चालू असेपर्यंत राहतात, ते थांबू शकतात. पीएस प्लसच्या कॅटलॉगमधले मात्र निघून जातात, एक्सबॉक्सच्या गेम पास या सदस्यत्वातल्यांचंही तसंच. तिथे जाणाऱ्या गेमची यादी थोडेच दिवस आधी लागते. त्यामुळे पन्नास तासांचा कॅटलॉग गेम ती यादी बघून सुरू करण्यात अर्थ नाही, दहा तासांचा करा. गेम निघून गेला तरी तुमचा सेव्ह राहतो, पुढे विकत घेतलात तर तिथूनच चालू होतो.

दुसरी मुदत सर्व्हरची. गाड्यांच्या आणि संगीताच्या परवान्यांमुळे फोर्झा होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेला, पण ज्यांच्याकडे होता ते अजून खेळू शकतात. द क्रू हा गेम पूर्णपणे सर्व्हरवर अवलंबून होता, त्याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि विकत घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. तुमच्या १४० मध्ये या दुसऱ्या जातीचे किती आहेत ते शोधा आणि वर घ्या. एकट्याने, ऑफलाइन खेळायचे सगळे गेम त्यांच्या मागे.

आता डिस्क. मूळ पीएस५ ची एसएसडी ८२५ जीबीची असली तरी वापरायला सुमारे ६६७ मिळते. ५१२ जीबीच्या सिरीज एसवर सुमारे ३६४. बाल्डर्स गेट ३ एकटाच १५० च्या घरात जागा घेतो. पण चालू गेम तीनच असतील तर ही जागा पुरते, आणि म्हणूनच एसएसडी लगेच घेऊ नका असं माझं म्हणणं आहे. मोठी डिस्क म्हणजे एका बोटावर आणखी वीस गेम, आणि तुमचा आजार नेमका तोच आहे. आधी डिलीट करा. पीएस५ वर गेम काढला तरी सेव्ह कन्सोलवर राहतो. स्विचवर 'आर्काइव्ह' केलं की चित्र आणि सेव्ह दोन्ही राहतात. सेव्ह पुसण्याचा पर्याय तिथे वेगळा आहे, त्याला हात लावू नका. स्विचचे सेव्ह कार्डवर नसतात, कन्सोलच्या आतच असतात. मायक्रोएसडी जपलीत आणि कन्सोल बिघडला तर क्लाउडशिवाय ते गेले. पीएस४ गेमचे सेव्ह यूएसबीवर काढता येतात, पीएस५ गेमचे नाही, त्यांना क्लाउडच.

पुन्हा डाउनलोड करायचा कंटाळा येत असेल तर यूएसबी हार्ड डिस्क लावा. पीएस५ चे गेम तिच्यावरून खेळता येत नाहीत, पण ठेवता येतात. १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरायला साडेचार तास लागतात. सेकंदाला १०० एमबी देणाऱ्या हार्ड डिस्कवरून तोच वीसेक मिनिटांत आत येतो. पीएस४ चे गेम थेट त्या डिस्कवर चालतात. सिरीज एसवरही एक्सबॉक्स वनचे आणि त्याआधीचे गेम यूएसबी डिस्कवरून चालतात, म्हणून ते आत ठेवून जागा अडवू नका.

सहा महिने तीनचा नियम पाळूनही जागा कमी पडली तर पीएस५ च्या आतल्या खाचेत बसणारी एम.२ एसएसडी घ्या : पीसीआयई जेन ४, वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, हीटसिंकसकट (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीसकट). हीटसिंक धरून एकूण जाडी ११.२५ मिमीच्या आत हवी, नाहीतर खाचेचं झाकण बसत नाही. हीटसिंक वेगळा लावत असाल तर थर्मल पॅडवरची पातळ फिल्म सोलायला विसरू नका. ही चूक फार होते, आणि मग डिस्क तापते. खाचेतला छोटा स्पेसर एसएसडीच्या लांबीप्रमाणे सरकवावा लागतो, तो आधी हलवा. पहिल्यांदा चालू केल्यावर कन्सोल ती फॉरमॅट करतो, म्हणून जुनी लावत असाल तर आतला मजकूर आधी काढून घ्या.

अर्धवट गेममध्ये पीएस४ ची आवृत्ती असेल आणि आता पीएस५ ची मिळत असेल, तर मध्येच उडी मारू नका. दोन्हींचे सेव्ह वेगळे असतात. डेथ स्ट्रँडिंगसारख्या काही गेममध्ये आधी पीएस४ च्या आवृत्तीत जाऊन सेव्ह बाहेर पाठवावा लागतो. ती आवृत्ती आधीच डिलीट केलीत तर ती पुन्हा उतरवण्यापासून सुरुवात.

खरेदीला एकच नियम पुरतो : आज रात्री सुरू करणार असाल तरच घ्या, नाहीतर विशलिस्टमध्ये टाका. सेल परत येतो. डेकू डील्स या साइटवर गेमचा जुन्या किमतींचा आलेख बघितलात की 'शेवटची संधी' किती वेळा येऊन गेलीय ते कळतं. अपवाद निन्टेंडोचे स्वतःचे गेम, त्यांचे भाव फारसे उतरत नाहीत, तिथे वाट बघण्यात हशील नाही. बाकीच्यांत थांबणाऱ्याचाच फायदा. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा पीएस४ वर इतका मोडका होता की सोनीने तो काही महिने स्टोअरवरून काढला. २.० पॅच आला सप्टेंबर २०२३ मध्ये. सेलच्या झटक्यात काही घेतलंच असेल तर प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवसांत परतावा मिळतो, पण डाउनलोड सुरू केलेलं नसेल तरच. त्यामुळे खरेदीनंतर आपोआप डाउनलोड होऊ देऊ नका.

'सोडला' लिहिलेल्यांपैकी डिस्कवाले गेम विकायला किंवा कुणाला द्यायला काढा. फक्त ज्या पीएस४ डिस्कवर तुम्ही पीएस५ चा अपग्रेड घेतलाय आणि तो ठेवायचाय, ती देऊ नका. तो अपग्रेड खेळताना दर वेळी तीच डिस्क आत लागते.